सर म्हणाले, नीट वाग

सेमीफायनलच्या सकाळी मी नातीला दही-साखर दिली आणि स्वतः बाथरूममध्ये जाऊन ओकले. खेळायचं तिला होतं, भीती मला. आमच्या घरात कामाची वाटणी अशीच आहे.

ज्युनिअर कॉलेजांची बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा यंदा बडोद्याला होती. आमच्या गुजरातेत अकरावी-बारावीला शाळाच म्हणतात, पण नात आठवडाभर ‘ज्युनिअर कॉलेज नॅशनल’ असं तोंड भरून म्हणत होती. गुजरातच्या संघातली सगळ्यात बुटकी तीच, आणि सगळ्यात जास्त बोलबाला तिचाच. बॉल हातात आला की समोरच्या दोन उंच पोरी एकमेकींकडे बघत राहायच्या आणि ही त्यांच्या काखेखालून पार. या स्पर्धेतून, सेमीफायनल संपताच, भारताच्या शिबिरासाठी पाच मुली निवडणार होते. निवड करणारे तिघं पुढच्या रांगेत, पाण्याच्या बाटल्या मांडून बसले होते. मला ते परीक्षेतल्या पर्यवेक्षकांसारखे वाटत होते. त्यांच्यातला एक सारखा खोकत होता; तो खोकला की नातीचे गुण कापले, असं मी धरून चालत होते.

मुलगा रिफायनरीत पहिल्या पाळीला, सून ऑफिसात. घरातर्फे मी एकटीच. कारेलीबागेतून रिक्षाने आले आणि आमच्या संघाच्या बाकामागे, चौथ्या पायरीवर बसले. तिथून तिच्या कोच सरांचं बोलणं ऐकू येतं, हे मला आदल्या सामन्यांत कळलं होतं.

मला खेळातलं काही कळत नाही असं मात्र समजू नका. मीही कॉलेजच्या संघात होते. होते म्हणजे बाकावर होते. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि बॉल दिसला की डोळे घट्ट मिटून घ्यायची सवय. एकदा आमची एक मुलगी लंगडत बाहेर गेली आणि मला आत ढकललं. बॉल थेट माझ्या हातात आला. चारी बाजूंनी पोरी धावून आल्या. बाईसाहेबांनी काय करावं? शेजारी पंच उभे होते, त्यांना अदबीने बॉल देऊन टाकला. ‘घ्या सर’ असंसुद्धा म्हणाले म्हणे. त्या बावळट मुलीची नात अशी निघाली, याचं आमच्या वाडीतल्या जुन्या शेजारणींना अजून नवल वाटतं.

तर सेमीफायनल केरळशी. त्यांच्याकडे एक मुलगी होती, विजेच्या खांबाएवढी. स्पर्धेत आमच्या नातीच्या बरोबरीने जिचं नाव घेत होते ती हीच. ती हात वर करायची तेव्हा टाचा उचलायचीही गरज नसायची. मी मनातल्या मनात तिला खांबच म्हणत होते. खांब आणि नात एकाच बॉलसाठी उडाल्या की मी माझ्या त्या जुन्या सवयीप्रमाणे डोळे मिटायची आणि लोकांच्या आवाजावरून काय झालं ते ओळखायची.

तिसऱ्या डावात नात पंचांशी वाद घालायला गेली. फाउल नव्हता असं तिचं म्हणणं. पंचांनी बोट दाखवून ताकीद दिली. सरांनी बाकावरून कपाळाला हात लावला. हे सर सांगलीचे, आमच्याकडे येऊन दोन-तीन महिने झाले असतील. भला माणूस. संघात मराठी पोरी आहेत म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! त्यांच्याशी ते मराठीतच बोलायचे. आणि या पोरी जे काही बोलायच्या ते मराठीच आहे, असं समजून चालायचे.

त्यानंतर थोड्याच वेळात ते घडलं. रिबाउंडसाठी दोघी उडाल्या. या वेळी माझे डोळे नेमके उघडे होते. खांबाचा काही दोष नाही, ती सरळ वर गेली आणि सरळ खाली आली. नात मात्र हवेत आडवी झाली आणि पाठीवर पडली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज एवढ्या गोंगाटात मला ऐकू आला. नारळ ठेवताना होतो तसा, बारीक.

बॉल तोवर दुसऱ्या टोकाला गेला होता. पंच तिकडे, सर तिकडे, निवडवाल्या तिघांच्या माना तिकडे. नात उठली. हाफ पँटला हात पुसले आणि धावायला लागली.

उठली ना? धावते आहे ना? मग काही नाही, मी स्वतःला सांगितलं. मांडीवरची पिशवी खाली पडली होती, ती शेजारच्या बाईंनी उचलून दिली. ‘शुं थयुं, बा?’ काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं.

टाइम-आउट झाला. पोरी बाकाशी जमल्या. नात सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, मला वागलंय. खूप वागलंय.’’

माझा जीव भांड्यात पडला. सांगितलं बाई पोरीने. आता बसवतील, डॉक्टरला बोलावतील.

सर म्हणाले, ‘‘कळलं ना तुला? मग झालं. खेळात होतं असं. आता डोकं शांत ठेव आणि नीट वाग.’’

मला पहिल्यांदा कळलंच नाही, हा माणूस असं का बोलतोय. आमच्या बडोद्याच्या घरांत पोर पडलं, खरचटलं, बोट दारात सापडलं की ‘वागलं’ म्हणतं. गुजरातीत लागणं म्हणजे वागणं. तीन पिढ्या आम्ही हेच बोलत आलो, आता त्यात परकं काही आहे हे आमच्या लक्षातही राहत नाही. सांगलीच्या माणसाला मात्र वाटलं, पोरगी पंचांशी वाईट वागल्याची कबुली देते आहे. मोडकीतोडकी का होईना, पण कबुली देते आहे, याचं कौतुकच वाटलं असेल त्यांना. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

एरवी नातीने चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली. पोरगी गप्प आहे हे बघून मी पिशवी शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठेवली.

बझर वाजला आणि ती परत आत गेली. चुकीच्या बाजूला. आपल्याच पोरींसमोर दोन्ही हात पसरून, त्यांना अडवायला उभी राहिली. लोक हसले. पुढच्या रांगेतला खोकणारा माणूसही हसला. खांब मात्र हसली नाही. ती चालत आली, नातीचे दोन्ही खांदे धरून तिला हलकेच वळवलं, वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मग आमच्या बाकाकडे बघितलं. सर फळ्यावर बाण काढत होते.

मी उठले. चार पायऱ्या उतरले. खाली दोरी आणि दोरीपाशी सिक्युरिटीवाला, त्याने अडवलं.

‘‘बा, अहींथी नहीं जवाय. मॅच चाले छे.’’

‘‘मारी बीपीनी गोळी पेली बेन्च पर छे,’’ संघाच्या बाकाकडे बोट दाखवत मी म्हटलं. ‘‘पडी जईश तो तमारा माथे.’’ पडले तर जबाबदारी त्याची.

‘‘जाव, जाव, बा!’’ त्याने घाईघाईने दोरी वर धरली.

खोटं बोलायला मी कधी घाबरले नाही, तेवढं एक धैर्य लहानपणापासून आहे. सरांचा शर्ट मागून ओढला. ते दचकून वळले.

‘‘आजी, तुम्ही इथे कशा? मागे बसा, प्लीज.’’

‘‘सर, वागलं म्हणजे लागलं!’’

‘‘काय?’’

‘‘लागलंय हो तिला! डोक्याला! फरशीवर आपटलं. वाईट वागले असं नाही म्हणाली ती. बडोद्यात वागलं म्हणजे लागलं!’’

सरांचा चेहरा पांढरा पडलेला मी बघितला. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. टेबलाकडे धावत गेले, बदली खेळाडू मागितला. नात बाहेर आली ती खांबाच्या हाताला धरून.

‘‘आजी, तू मला का बाहेर काढलंस?’’ ती म्हणाली. ‘‘ते बघतायत ना!’’

ते खरंच बघत होते. तिघांपैकी एक शेजाऱ्याच्या कानात काही बोलला. आणि मग नात बाकाच्या कडेला वाकून ओकली.

हॉस्पिटलात सून आमच्या आधी पोचली होती. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढला. रक्तस्राव नाही, मेंदूला हादरा बसलाय, आता लक्ष ठेवायचं, म्हणाले. विसरेल, तेच तेच विचारेल, घाबरू नका. घाबरू नका हे वाक्य मला आयुष्यात हजार जणांनी ऐकवलंय, एकदाही उपयोग झालेला नाही.

‘‘आजी, जिंकलो का?’’ नातीने विचारलं.

सरांचा फोन येऊन गेला होता. मी खरं सांगितलं, ‘‘हरलो गं.’’

ती रडली. मी डोळे पुसले, पाणी दिलं. पाणी पिऊन झालं आणि तिने विचारलं, ‘‘आजी, जिंकलो का?’’

चेष्टा करते आहे का म्हणून मी तिच्याकडे बघितलं. डोळे कोरे होते. पुन्हा हरलो म्हटलं, पुन्हा ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्याच्याने होईना. ‘‘जिंकलो!’’ मी म्हटलं. ‘‘कितीने?’’ ‘‘आठने.’’ चेहरा कसा उजळला पोरीचा! परत विचारलं, परत जिंकलो. कधी सहाने, कधी अकराने. एकदा तर शेवटचा बास्केट तूच टाकलास म्हणून सांगितलं. सून दाराशी उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी नातीला गोष्टी सांगते आहे. आत माझं असं झालं होतं की हिला उद्या ओळख तरी राहील का आपली? शिकलेलं, खेळलेलं, सगळं असंच वाळूवरून पाणी ओसरल्यासारखं जाणार का?

दरम्यान सुनेने मला कोपऱ्यात नेऊन हळूच सांगितलं की पाच मुली निवडल्या, खांब आहे, आपली नाही. अर्धवट खेळलेल्या मुलीला कसं घेणार, असं निवडवाले म्हणाले.

मी परत पलंगाशी येऊन बसले.

‘‘आजी, जिंकलो का?’’

‘‘जिंकलो तर! बाराने.’’

नातीच्या कपाळाला आठी पडली.

‘‘मघाशी आठ म्हणालीस.’’

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

‘‘आजी, खोटं बोलतेस तू. हरलो ना?’’

‘‘हो.’’

‘‘आणि निवड?’’

‘‘नाही झाली तुझी.’’

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून वाट बघत बसले. आता थांबेल, वळेल आणि विचारेल, जिंकलो का. चहावाला येऊन गेला. नर्स येऊन तिचं बीपी बघून गेली. नात अजून रडतच होती. तिला आठवत होतं. मला हसू फुटलं.

‘‘हसतेस काय गं तू?’’ ती भिंतीकडेच बघत हुंदका देत म्हणाली. ‘‘माझं सगळं गेलं आणि तू हसतेस?’’

‘‘रड बाई,’’ मी म्हटलं, ‘‘पोटभर रड.’’ आणि मग मीही तिच्या उशीवर डोकं टेकून रडून घेतलं.