चूल एकच हाये नं?

गाडी उभी राहायच्या आत काचेवर टकटक व्हायची. मी काच खाली केली की मास्कमधून मालकांचा घोगरा सवाल यायचा, "चूल एकच हाये नं?"

चिखलदऱ्यात त्यांचं चार खोल्यांचं गेस्टहाउस होतं आणि मी अकोल्याहून प्रवासी नेणारा ड्रायव्हर. करोनातला नियम असा, की एका वेळी एकाच घरची माणसं ठेवायची. आधार कार्डावर त्यांचा भरवसा नव्हता. "कार्डावर पत्ता रायते, भाऊ. जेवता कुठी ते सांगा."

एकदा पाच मित्र सख्खे भाऊ म्हणून आले. यांनी एकेकाला बाजूला घेऊन मायचं नाव विचारलं. पाच नावं निघाली! खो खो हसले, चहा पाजला आणि परत पाठवलं. घरात दम्याची बायको होती, म्हणून एवढा खटाटोप. असे मालक तुम्हीही पाहिले असतील. तेव्हा आपण त्यांना खडूस म्हणायचो.

मग मी जठारपेठेतलं ते कुटुंब नेलं. दोन भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं आणि म्हातारी माय. भाऊ वेगळे निघाले होते. माय पाळीपाळीनं दोघांकडे जेवायची. सगळ्यांना एका गाडीत बसवायला तिनं किती आर्जवं केली असतील, देव जाणे. घाटात मला म्हणाली, "तिथं मीच भाकरी टाकीन, बाबू. साऱ्याईले एकाच तव्यावरच्या."

टकटक झाली. "एकच चूल," दोघे भाऊ एकदमच म्हणाले. मायचा चेहरा असा फुलला, की मलाच भरून आलं.

तेवढ्यात डिक्की उघडली. पिठाचे डबे दोन, तेलाच्या कॅन दोन.

मालक चिडले नाहीत. उलट वाट काढायला गेले. खिडकीशी वाकून म्हणाले, "माय, सध्या पाळी कोनाची? तू ज्याच्याकडे जेवतं, त्याईले ठेवतो."

नातवंडांसमोर. सुनांसमोर. माय दुसऱ्या खिडकीकडे वळली.

"गाडी फिरव, बाबू."

घाटभर भाऊ भांडत होते. "तुह्या बायकोनं डबा वेगळा कावून घेतला?"

नियम उठल्यावर मालकांचा मला फोन आला. "त्या मायकडे ने मले. झोप नाई लागून राहिली."

जठारपेठेत ते तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "माय, लय चुकलं माह्यं. चारचौघात विचारलं तुले. आता चाल, साऱ्याईले घेऊन."

तिनं चहा दिला. "तुमचं काई चुकलं नाई, बाबू. पन पोरं आता एका गाडीत बसत नाईत."

त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला. परतताना एवढंच म्हणाले, "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

पुढे त्यांनी कुणालाच चूल विचारली नाही. ओट्यावरूनच हात करायचे. गाडीत एखादी म्हातारी दिसली, की आत निघून जायचे.

मागच्या वर्षी ते गेले. गेस्टहाउसला कुलूप आहे. तरी त्या फाटकापाशी माझी गाडी हळू होते आणि हात काच खाली करायला जातो. परवा मागच्या सीटवरच्या एका आजीनं विचारलं, "कोनी येऊन राहिलं का रे?"

"नाई, माय," म्हणालो, आणि काच वर केली.