शेजारच्या प्लॉटवरची लिंबोणी

रिकामी जमीन आणि रिकामा माणूस या दोन गोष्टी आमच्या भाऊजींना बघवत नाहीत. जमीन दिसली की ते तिच्यात काहीतरी लावतात आणि माणूस दिसला की त्याच्या हातात पुस्तक देतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अल्लीपूरचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. पुढे हिंगणघाटला त्यांनी कापडाचं दुकान टाकलं, उमेदीची सगळी वर्षं मीटरपट्टी आणि कात्रीत घालवली, आणि एक दिवस दुकान पोराच्या हवाली करून वर्ध्याला पिपरी मेघेत घर बांधून राहिले. यांना तिथे करमायचं नाही, महिनाभरात गल्ल्यावर परत येतील, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. पण भाऊजींना असं काही सुख लागलं की मला त्यांचा हेवाच वाटायला लागला. "आता मले कोठी जा म्हनू नका," असं त्यांनी जाहीर केलं आणि ते खरंच कुठे जाईनात.

त्यांचा दिवस सावलीप्रमाणे चालतो. एक लाकडी स्टूल आहे, ते सकाळी शेवग्याखाली असतं, मग भिंतीलगत सरकतं, आणि कढीपत्त्याजवळ पोचलं की ताई घड्याळ न बघता कणीक भिजवायला घेते. एका हातात पाण्याचा पाइप आणि दुसऱ्या हातात कादंबरी ही त्यांची आवडती बैठक. एकदा कादंबरीचा नायक मरणाच्या दारात होता, त्यामुळे पाइप वांग्याच्या वाफ्यात विसरला गेला. वाफा भरला, अंगण भरलं, पाणी रस्त्यावर गेलं आणि दूधवाल्याची मोटरसायकल चिखलात रुतली. तो बिचारा कॅन सांभाळत हाका मारतो आहे, तर भाऊजी मान वर न करता म्हणाले, "थांब न बावा, हा मरून राह्यला इथं." दूधवाला थांबला. नायक गेल्यावर दोघांनी मिळून गाडी काढली.

कढीपत्ता मागायला येणाऱ्यांची तर फारच पंचाईत. पानं फुकट, पण सोबत चालू पुस्तकाचं एक पान ऐकावं लागतं. समोरच्या वहिनींनी या जाचाला कंटाळून बाजारातून कढीपत्ता विकत आणायला सुरुवात केली. पुढे एका संध्याकाळी त्या स्वतःच फाटकात आल्या आणि कढीपत्ता नको, पण त्या गोष्टीतल्या पोरीचं लग्न झालं की नाही तेवढं सांगा म्हणाल्या. भाऊजींनी सांगितलं नाही, पुस्तकच दिलं. मी रविवारी ताईच्या हातची पाटोडी खायला म्हणून जातो. पाटोडी शिजेपर्यंत मलाही पुस्तक मिळतं. डोळा लागला की पुस्तक काढून घेतलं जातं आणि हातात खुरपं येतं. माणसाला फुकट जेवू घालू नये, असं भाऊजींचं काही मत नाही. त्यांना फक्त कुणी नुसतं बसलेलं सोसत नाही, आणि मला तर नुसतं बसण्याइतकं दुसरं काही जमत नाही.

त्यांच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट होता. मालक नागपूरला, वर्षानुवर्षं फिरकलेले नाहीत. गाजरगवत माजलं, एकदा साप निघाला, म्हणून भाऊजींनी तो साफ करून घेतला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण साफ झालेली जमीन रिकामी दिसायला लागली आणि भाऊजींची झोप उडाली. आधी वांगी लागली, मग तूर, मग कुंपणावर वाल चढला. परक्याच्या जागेत हात घालू नका, असं ताई सांगत होती. भाजीपाला म्हणजे पाहुणा, आज आहे उद्या नाही, हे त्यांचं उत्तर. इथवर ठीक होतं. पण शेतकऱ्याच्या पोराने करू नये ती चूक त्यांनी एका वर्षी केली. त्या प्लॉटच्या मधोमध लिंबोणी लावली. लिंबोणी काही पाहुणी नव्हे, ती घर करून राहते. तिने जीव धरला, उंच झाली, आणि अशी लगडली की अख्ख्या गल्लीचं लोणचं तिच्यावर निघायला लागलं. उन्हाळ्यात तर स्टुलाचा मुक्काम तिच्याचखाली. जागा कुणाची हे भाऊजी विसरले, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विसरलो.

मग मालकांचा फोन आला. निवृत्ती जवळ आली आहे, आता घर बांधायचं, रविवारी जागा बघायला येतो. त्या आठवड्यात भाऊजी एकाच पानावर अडकून पडले. झाडाच्या बाजूने बांधकाम घ्या, अशी विनंती करायचं त्यांनी ठरवलं होतं आणि मी शहरी बोलतो म्हणून मला साथीला बोलावलं होतं. मालक पत्नीला घेऊन आले. गाजरगवत बघायच्या तयारीने आलेली ती माणसं वांगी, तूर, वाल बघत उभीच राहिली. झाड कुणी लावलं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच भाऊजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचंच हाय जी. मी नुसतं पानी देत होतो."

विनंतीचा एक शब्द निघाला नाही. उलट पावसाचं पाणी कुठे साचतं, जोतं किती उंच घ्यावं, गरम वारा कुठून येतो, हे सगळं त्यांनी हिंडून दाखवलं आणि जाताना पिशवीभर लिंबं दिली. मला राग आला. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इतके वर्सं त्याइनं मले जागा देल्ली, तेही न मांगता. आता त्याइले घर बांधाचं हाय, तं मी काऊन आडवा येऊ?"

मालक भले निघाले. त्यांनी नकाशा हलवून पाहिला, पण हॉल नेमका तिथेच येत होता. लिंबोणी तोडली त्या दिवशी भाऊजी सकाळच्या गाडीने हिंगणघाटला गेले, दिवसभर दुकानात बसले आणि अंधार पडल्यावर आले. आता शेजारी घर उभं आहे. त्याची सावली दुपारी लवकरच अंगणात येते, त्यामुळे वाचायला वेळ जास्त मिळतो, असं ते सांगतात, आणि ते खोटं नाही.

गेल्या महिन्यात त्या घराची वास्तुशांत झाली. हॉलमध्ये पंगत बसली, जो तो पंख्याखाली जागा धरत होता. भाऊजी दारात थांबले, खिडकीतून आपला शेवगा पाहिला, थोडे सरकले, पुन्हा थोडे सरकले आणि उकाड्यात एका बाजूला बसले. यजमानांनी आग्रह केला, तर "इथंच बरं हाय" म्हणाले. मी पंखा गाठला होता. ताई वाकून हळूच म्हणाली, "याइची लिंबोनी इथंच होती."

मी माझं पान उचललं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते पोटभर जेवले, जिलबी दोनदा मागून घेतली. पंगत उठली, माणसं हात धुवायला गेली, आणि भाऊजी मांडी न मोडता तिथेच बसून राहिले. मीही बसलो. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात काहीच दिलं नाही.