सरांनी बदललेला शेवट

“आता इकडं बघा, तोंडं बंद,” म्हणत सर भिंतीवरच्या चित्राला छडी लावायचे आणि आम्ही मोठी माणसंही वर्गातल्यासारखी गप्प व्हायचो. आखाडा बाळापुरात आमच्या शेजारी राहणारे हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर त्यांनी एक लहानसा प्रोजेक्टर आणला आणि दर रविवारी संध्याकाळी अंगणात जुने मूकपट दाखवू लागले. भिंतीवरची माणसं नुसते ओठ हलवायची. बोलायचे सर.

त्यांचा लाडका सिनेमा अगदी छोटा होता. कुठल्याशा दूरच्या देशातलं यादवी युद्ध.

“यादवी म्हंजी काय वो सर?” समोरच्या काकूंनी विचारलं होतं.

“भाऊबंदकी, काकू. फक्त बंदुका घेऊन.”

त्यात एक पोरगं सैन्यातून पळून घरी येतं, माळ्यावर लपतं. मागावर शिपाई येतात. बाप दारात उभा. इथे सर सिनेमा थांबवायचे. “बापानं शिपायांना हाकलून लावलं. लेकराला खाली उतरवलं, पोटाशी धरलं. संपलं.” काकू पदराने डोळे पुसत घरी जायच्या.

सरांना एकच मुलगी. तिने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि ती नांदेडला राहू लागली. तेव्हापासून सरांनी तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आईच्या दहाव्याला आली, तर अंगणातूनच परत धाडलं. तुम्ही आमच्या गल्लीत असता तर तुम्हीही आमच्यासारखंच खिडकीतून पाहिलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती आली. डोंगरकड्याला मैत्रिणीकडे लग्न होतं, तिथून पुढं आले, म्हणाली. बायकांच्या मागे सतरंजीवर बसली. सरांनी तिला पाहिलं आणि तोच सिनेमा लावला. नेहमीच्या जागी त्यांचा हात बटणाकडे गेला.

“बाबा, राहू द्या चालू,” ती म्हणाली. “लहानपणी शाळेत तुमीच मला शेवटपर्यंत दाखवला होता.”

सरांचा हात तिथेच राहिला. भिंतीवर बापाने बोट वर करून माळा दाखवला. शिपायांनी पोराला ओढत बाहेर नेलं. आई दारात कोसळली. बाप टेबलाशी बसून पाव मोडू लागला.

“तुमी तर म्हणत होता, पोटाशी धरलं,” काकू हळूच म्हणाल्या.

“खोटं सांगत होतो, काकू.” सरांची मान वर झाली नाही. “मला जमलं न्हाई, ते त्या बापाकडून करून घेऊन राहिलो होतो.”

काकूंनी उगाच सतरंजी आवरायला घेतली. मुलगी उठली. “बस आहे माझी,” एवढंच म्हणून फाटकाबाहेर पडली. सरांनी तिची पिशवी उचलली आणि मागे मागे निघाले. ते धडपडतील या भीतीने मीही गेलो.

स्टँडवर बस लागलेलीच होती. सर घरातल्या रबरी चपलांवरच होते. त्यांनी आत चढून पिशवी वर ठेवली, पण खाली उतरेनात. दांडा धरून तसेच उभे राहिले.

“काका, येणार का उतरणार?” कंडक्टरने विचारलं.

सरांनी मुलीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली.

“बसा बाबा,” खिडकीकडे सरकत ती म्हणाली. मग कंडक्टरला म्हणाली, “दोन नांदेड.”

त्यांच्या घराला त्या संध्याकाळी मी माझ्याकडचं कुलूप लावलं. अजून तेच आहे.