बाजारच्या दिवशीची बालवाडी

आम्ही बालवाडीवाल्या बाया एकत्र बसलो की साहेबलोकांना वाटायचं, मीटिंग चाललीय. चाललेल्या असायच्या गप्पा! लहान मुलांत काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगाला चिकटूनच घरी येतात. माझ्याकडचे बहुतेक वच्छलाताईंचे.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा. मी बुलढाण्याला मुख्यसेविका, म्हणजे गावोगावच्या बालवाड्यांवर देखरेख करणारी. वच्छलाताई धाड या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात मारुतीच्या देवळात बालवाडी भरवायच्या. सरकारचं धोरण असं, की वर्षभर बघायचं. मुलं टिकली तर बालवाडी कायम, नाहीतर बंद. बंद झाली की वच्छलाताई पुन्हा मजुरीला आणि पोरं पुन्हा शेताच्या बांधावर. ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर सदा असायची.

पहिल्याच दिवशी मुलांसोबत आयाही आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. जाईनात! मुलांना इथे ठेवा आणि खुशाल शेतात निंदायला जा, असं वच्छलाताईंनी परोपरीनं समजावलं. एकीनं विचारलं, पण तुम्ही करणार काय? वच्छलाताई म्हणाल्या, खेळवीन, गाणी शिकवीन.

"अन् सरकार याचा पगार देते?"

"देते."

"मंग माह्या सासूले काऊन नाही देत?"

तिची सासू घरी चार नातवंडं खेळवायची, बिनपगारी.

*

मग आली दुधाची पावडर. पाण्यात कालवून मुलांना पाजायची. गावाचा विश्वास बसेना. एका आजीबाईंनी ते दूध घरी नेऊन तापवलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी भांडं घेऊन देवळात हजर. "याच्यावर साय नाही आली. साय नाही ते दूध कायचं?"

झालं, एकही आई आपल्या पोराला दूध घेऊ देईना. वच्छलाताईंनी वाद घातला नाही. दूध कालवायचं काम त्यांनी त्या आजींच्याच गळ्यात घातलं. पंधरवड्यानं मी गेले तर आजी माझ्यावरच चालून आल्या. पावडर पुरत नाही, सरकार पोरांना उपाशी ठेवतं, म्हणे!

*

खेळण्यांच्या सरकारी पेटीत चाकांचा एक लाकडी घोडा होता. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. बालवाडीकडे बैल कुठला? पोळ्यानंतर मी पेटी तपासायला गेले, तर घोड्याला सुतळीनं बांधलेली शिंगं, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरू. मी कपाळाला आठ्या घातल्या.

"काढून पाह्यली शिंगं, बाई," वच्छलाताई म्हणाल्या. "पोरं खेळतच नाहीत त्याच्यासंग."

मी शेरा मारला: घोडा एक, शिंगांसह, सुस्थितीत. वरून काही विचारणा आली नाही.

*

आता साहेबांचा किस्सा. बालवाडी ठेवायची की नाही हे ठरवायला जिल्ह्याचे साहेब स्वतः निघाले. जीपमध्ये मीही होते. साहेबांच्या घरी बाईसाहेब तापानं पडलेल्या, सांभाळायला दुसरं कुणी नाही, म्हणून त्यांनी चार वर्षांच्या मुलीलाही सोबत घेतलं होतं.

गावात पोचलो, तर देऊळ रिकामं! मुलं नाहीत, वच्छलाताई नाहीत. एक म्हातारबुवा म्हणाले, आज धाडचा बाजार, गावात कोण राहणार? साहेब भडकले. ही नुसती कागदावरची बालवाडी आहे, बंद करा, म्हणाले. वच्छलाताईंना हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिथून निघालो आणि वाटेत धाडला चहाला थांबलो. ड्रायव्हर वांगी घ्यायला गेला, साहेब मला नियम समजावत बसले आणि जीपमधली मुलगी गायब! साहेब एकीकडे धावले, मी दुसरीकडे.

फिरून फिरून कडुलिंबाखाली पोचले, तर तिथे अख्खी बालवाडी मांडी घालून बसलेली. पलीकडे आया भाजी विकत होत्या. बाजारच्या दिवशी बालवाडीही आयांमागे बाजारात येते, हे वच्छलाताईंनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. रांगेच्या टोकाला साहेबांची मुलगी, ओंजळीत फुटाणे. आणि समोर साहेब वच्छलाताईंशी भांडत होते.

वच्छलाताईंचं म्हणणं एकच: मी तुम्हाला ओळखत नाही, बाजारात कोणीही येऊन मी हिचा बाप म्हणेल. साहेब म्हणाले, तिलाच विचारा. वच्छलाताईंनी विचारलं. मुलीनं साहेबांकडे पाहिलं, फुटाण्यांकडे पाहिलं आणि ठाम मान हलवली. नाही!

मला हसू आवरेना. शेवटी मी साक्ष दिली. समोर कोण उभं आहे हे कळल्यावर वच्छलाताईंचा चेहरा उतरला, पण माफी काही त्यांनी मागितली नाही. साहेबांनी मुलीला उचललं, तसा तिनं असा टाहो फोडला की भाव पुकारणारेही वळून पाहू लागले. साहेबांनी तिला खाली ठेवलं. घड्याळ पाहिलं. अजून दोन गावं तपासायची बाकी होती.

"संध्याकाळपर्यंत राहू दे का हिला इथं?" त्यांनी हळूच विचारलं.

वच्छलाताईंनी मुलीला पुन्हा रांगेत बसवलं.

"राहू द्या. पण न्यायले तुम्हीच या, साहेब. ड्रायव्हरले पाठवसान त लेकरू भेटणार नाही."