आईची इंग्रजीची मास्तरीण

आठवीत असताना मी आईला इंग्रजी शिकवायचे, आणि फार वाईट मास्तरीण होते. साताऱ्याकडच्या गावात नववीतून शाळा सुटून तिचं लग्न झालेलं. घणसोलीत संसार मांडल्यावर किती तरी वर्षांनी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी. बाबा मार्केटमध्ये माथाडी. ते म्हणाले, "बस की परीक्षेला." बाकीच्या विषयांची तिला भीती नव्हती. घोडं अडायचं ते इंग्रजीपाशी, आणि इंग्रजी राहिलं तर दहावीच राहणार होती.

एका संध्याकाळी गाइडात 'कॅच अप' आलं. मी शब्दकोश उघडून ऐटीत वाचलं, "अनुशेष भरून काढणे."

"अनुशेष म्हंजी?" आईनं विचारलं.

मलाही माहीत नव्हतं. आणि माहीत नसलं की मी चिडायचे. "तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही," असं मी बोलून गेले. तिनं गाइड मिटून कपाटावर टाकलं. चार दिवस ते तिथंच पडून होतं. परीक्षेला जेमतेम महिना उरलेला. मला मनातून टोचत होतं, पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी तळवलीच्या गिरणीतून दळण आणायला गेलो. परतताना तिच्या कमरेवर पिठाचा डबा, आणि बोलायला तोंड नव्हतं म्हणून मी भराभर पुढं.

"तू हो म्होरं," ती मागून म्हणाली. "गाठते मी तुला."

मी जागीच थांबले. "आई, हेच गं ते कॅच अप. मागं राहिलेल्यानं पुढच्याला गाठायचं. माणसाला गाठायचं तर 'विथ' लावायचं. राहिलेला अभ्यास भरून काढायचा तर 'ऑन'." मग डब्याला हात लावत म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं."

ती बरंच चालल्यावर एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आय विल कॅच अप विथ माय डॉटर." घरी पोचल्यावर गाइड तिनंच खाली काढलं.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत बेचाळीस. मी नुकतीच नववीत गेले होते. आईनं मार्कशीट दोनदा वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, अकरावीचा फॉर्म कुठं मिळतो. म्हणजे माझ्या दोन यत्ता पुढं. कुणाच्या तरी मागं पडून मी इतकी खूश आयुष्यात पहिल्यांदाच झाले.