तिसऱ्या बेसच्या अलीकडे

माझ्या आयुष्यात चेंडू दोरीपलीकडे एकदाच गेला, आणि तो कुठे पडला हे मी पाहिलंच नाही.

मी आणि माझी मैत्रीण भेस्तानच्या एकाच गल्लीतल्या. दोघींच्या घरचे खानदेशातून कापडाच्या कारखान्यांत कामाला आलेले. कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघातही आम्ही बरोबरच. घरी अहिराणी बोलायचो, पण मैदानावर तिचा एक शब्द काढत नसू. काढला की बाकीच्या मुली हसायच्या.

त्या सामन्यात शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने मागे होतो. मैत्रीण पहिल्या बेसवर, बॅट माझ्या हातात. चेंडू आला, मी डोळे जवळजवळ मिटूनच बॅट फिरवली. चेंडू दोरीपलीकडे गेला. पंचांनी हात वर करून बोट फिरवलं. दोन्ही धावा आमच्या, म्हणजे सामना आमचा.

पण चेंडू बाहेर गेला तरी पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि शेवटी होम, प्रत्येकाला क्रमाने पाय लावावाच लागतो. एखादा राहिला तर पंच आपणहून बोलत नाहीत. समोरच्या संघाने पुढचा चेंडू पडायच्या आत अपील केलं, तरच आउट देतात.

मैत्रीण पुढे हसत, हात उंचावत धावत होती. दुसरा बेस ओलांडून मी तिच्या मागे होते, तेव्हा मला दिसलं. तिसऱ्या बेसला तिचा पाय लागलाच नाही. बेसच्या शेजारच्या मातीत पडला आणि ती तशीच होमकडे निघाली.

माझे पाय तिथल्या तिथे थांबले. ती माघारी यायची तर मी तिच्या पुढे जाऊन चालणार नव्हतं, गेले असते तर मीच आउट. आणि ओरडले तर समोरच्या संघाला कळणार. आमचे गुजराती सर बाहेरून ओरडत होते, "दोड ने! ऊभी केम छे?" ती होमपाशी पोचत आली, तशी मी जिवाच्या आकांताने अहिराणीत ओरडले, "तुन्हा पाय लागना नही! मांगे फिर!"

ती गर्रकन वळली. माघारी पळत आली, बेसवर दोन्ही पाय आदळले आणि पुन्हा होमकडे सुटली. मीही तिच्या मागे निघाले. ती होमला पाय लावेपर्यंत माझी नजर तिच्या पायांवरून हलली नाही.

आमच्या मुली अंगावर येऊन पडल्या. तेवढ्यात समोरची कॅचर पंचांकडे गेली. "सर, अपील. तीसरा बेस. आगेवाली."

"वो वापस आके छू गई. सेफ."

मी श्वास सोडला. कॅचर जागची हलली नाही. "और पीछेवाली?"

पीछेवाली म्हणजे मी. मी आठवायला लागले. थांबले ते आठवत होतं, ओरडले ते आठवत होतं, पण तिसऱ्या बेसवरून जाताना तळव्याखाली काय लागलं, बेस की माती, काही केल्या आठवेना. तिसऱ्या बेसजवळचे पंच पुढे आले, माझ्याकडे न बघता त्यांनी मूठ वर केली. आउट.

मैत्रिणीची धाव राहिली, माझी गेली. बरोबरी झाली, सामना लांबला आणि शेवटी आम्ही एका धावेने हरलो.

सामान आवरताना ती कॅचर जवळ आली. हळूच म्हणाली, "तू काय बोलनी ते माले समजनं. आम्हीबी धुयानाच शेतस."

म्हणजे तीही आमच्याच खानदेशातली. मला राग यायला हवा होता. पण मी विचारलं, "मना पाय लागना व्हता का? तुले दिसना?"

"माले नही दिसना," ती म्हणाली. "तू तिन्हाकडे देखी ऱ्हायंती, म्हनीसन इचारी टाकं."

रिक्षात मैत्रीण माझा हात धरून बसली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर तिने विचारलं, "तू थांबनी नसती तर?"

"तर तू आउट व्हती."

तिने पुन्हा माझा हात धरला. आम्ही घराकडे चालू लागलो.