सोबतीचं माणूस

डॉक्टरांचा फोन यायच्या आधी मी इस्त्रीची साडी नेसून बसले होते. आता सांगताना हसू येतं. जन्मभर नर्सची पांढरी साडी नेसलेली बाई, डॉक्टरासमोर गबाळी कशी बसणार?

माझ्या कमरेच्या वर, कातडीखाली, काडेपेटीएवढी एक डबी आहे. तिच्यातून दोन तारा मणक्यापाशी गेल्यात. मणक्याचं ऑपरेशन होऊनही डाव्या पायातली कळ जाईना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी ही डबी बसवली. ती नसांना बारीक करंट देत राहते आणि कळ बोथट होते. पण उन्हाळ्यापासून कळ पुन्हा वर आली होती. मांडी घालणं सोडाच, उभ्यानं भाकर थापणं होईना. डबीचं सेटिंग बदलायला हवं होतं. आंधळगावहून भंडारा, तिथून नागपूर, एसटीच्या बाकावर धक्के खात जायचं म्हणजे माझा जीवच जायचा. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरीच बसा, मी इथून फोनवरून करतो.

फोनवरून म्हणजे कोणीही उठावं आणि माझ्या पाठीत करंट सोडावा, असं नाही हं. आधी मी बोट टेकवायचं, मग माझ्या पडद्यावर एक आकडा येणार, तोच डॉक्टरांच्याही पडद्यावर. दोन्ही जुळले आणि मी ‘परवानगी’ दाबली, तरच त्यांचा हात डबीपर्यंत पोचणार. मधेच नेट गेलं तर डबी आपोआप जुन्या सेटिंगवर. हे मला एकदम पटलं. ‘ओटीपी कोणाले सांगू नका’ म्हणून गावभर ओरडत फिरलेली बाई मी.

अडलं शेवटच्या अटीवर. त्या वेळी रुग्णाजवळ एक मोठं माणूस हवंच. पाय अचानक लुळा पडला, चक्कर आली, तर फोनवरचं लाल ‘थांबवा’ दाबायला. त्या माणसानं कॅमेऱ्यात येऊन ‘मी सोबत आहे’ म्हणायचं, तेव्हाच पुढचं पान उघडणार.

एक माणूस! या गावातली निम्मी माणसं माझ्या हातावर जन्मली. बायकांच्या उशाशी तासन्‌तास बसले, त्यांच्या सासवांना झापलं, नवऱ्यांना दारातून हाकललं. लग्न झालं नाही, नोकरीतच दिवस गेले. आपल्याजवळ कोण बसणार, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

त्यात वेळ मीच ठरवली सकाळी अकराची, ऐन रोवणीत! धान लावायला बाया सकाळीच बांध्यांवर जातात, अकराला गावात चिटपाखरू नसतं. एवढी वर्षं इथं राहून माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. पण खरं सांगू? रोवणी हे निमित्त. आठ दिवस आधी कोणालाही विचारता आलं असतं. माझ्याच्यानं विचारवलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “सिस्टर, सोबत कोण आहे?”

“आहे ना. आत चहा करतेय.”

“बोलवा त्यांना.”

आणि मी रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अवं, ये न इकडे! डॉक्टरसाहेब बोलावून राहिले!” दोनदा मारली. आत फ्रिज घरघरत होता. डॉक्टर थांबून राहिले. मलाही क्षणभर वाटलं, कोणीतरी येईल.

“सिस्टर,” ते हळूच म्हणाले, “कोणी नाहीये ना?”

माझं डोकंच फिरलं. “नाही कोणी! मग? मी सोता नर्स आहे, लाल बटन मले दाबता येते!”

“तुम्ही बेशुद्ध पडलात तर कोण दाबणार? संध्याकाळी सहाला पुन्हा जोडतो. कोणालाही बोलवा.”

फोन ठेवला आणि मी रडले. पाय दुखत होता, पण रडू त्याचं नव्हतं.

साडेपाचला फाटकाला धरून उभी राहिले. बाया परत येत होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, कमरा धरलेल्या. “काय सिस्टरबाई, बरा आहे का पाय?” म्हणायच्या. “बरा आहे,” मी म्हणायची. एक घोळका गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

शेवटी आली ती समोरच्या घरची. बाळंत सुनेला पाणी भरायला लावलं म्हणून मी हिला बोरिंगवर चारचौघींत फाडून खाल्लं होतं. तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. ती मान खाली घालून निघालीच होती.

“थांब न जरा,” मी म्हटलं. “दहा मिनिटं येतं का? माह्याजवळ बसायले कोणी नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “पाय धुतो न येतो,” म्हणाली.

आली ती ओल्या पायांनी. सगळं ऐकून घेतलं, एका हातात फोन धरला, खाली बसून माझा डावा पाय मांडीवर घेतला. “तुम्ही यांच्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं. “समोरची,” ती म्हणाली. “मी सोबत आहो जी.” आकडे जुळले. मी परवानगी दाबली.

डॉक्टर एकेक पायरी बदलत गेले. मुंग्या मांडीतून पोटरीत उतरल्या. “आता?” जरा कमी. “आता?” आणखी कमी. आणि मग शेजारचा पंप बंद व्हावा तशी कळ थांबली. किती महिन्यांनी! ती पापणी न हलवता लाल बटनाकडे बघत होती. दिवसभर चिखलात राहून सुरकुतलेला तिचा गार हात माझ्या घोट्यावर होता. मला कोणी हात लावून किती दिवस झाले, ते मला आठवेना.

“जमलं असेल तर इथंच बंद करू?” डॉक्टर म्हणाले.

दुखणं वाढवून सांगणाऱ्या बाया मी लगेच ओळखायची. तोंडावर झापायची.

“नाही जी,” मी म्हटलं, “अजून दुखून राहिलं.”

तिनं माझा पाय आणखी जवळ ओढून घेतला.